स्टेजवरून मागच्या लॅपटॉपपर्यंत: नेटवर्कवरून मिडी पाठवायचं, पण नोट अडकू न देता

यूएसबीची वायर ५ मीटरला संपते, जुन्या पाच पिनवाल्या मिडी केबलचा (मिडी म्हणजे काय वाजवलं ते वाद्यांनी एकमेकांना कळवायची भाषा) भरवसा १५ मीटरपर्यंत, आणि आपल्याकडच्या कुठल्याही बऱ्यापैकी हॉलमध्ये स्टेजपासून मिक्सरपर्यंत वायर भिंतीकडेने फिरवून नेली की ४०-५० मीटर सहज होतात. म्हणजे कीबोर्ड आणि ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) स्टेजवर, साउंड्स लोड केलेला लॅपटॉप मागे साउंडवाल्याच्या बाजूला, असं ठरवलं की मधे नेटवर्क आलंच. लॅनची साधी कॅट सिक्स वायर १०० मीटर चालते, महाग नसते, आणि ऐनवेळी तुटली तर तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातपण मिळते. मी ऑर्केस्ट्रा आणि भावगीतांच्या कार्यक्रमांना बरीच वर्षं असंच करतोय, सुरुवातीला भरपूर शिव्या खाल्ल्या, आता फारशा खात नाही, तर मधल्या काळात काय काय कळलं ते इथे लिहितो.

आधी एक क्लिअर करू, इथे आवाज जात नाहीये. जातंय ते फक्त हातांनी काय केलं त्याचं टिपण: कुठली की दाबली, किती जोरात, कधी सोडली, पेडल खाली आहे का वर, सूर वर-खाली वाकवणारं बेंडचं व्हील कुठे आहे. मिडी १९८३ पासून हेच करतंय. एक नोट दाबल्याचा मेसेज म्हणजे फक्त ३ बाइट, आणि जुन्या केबलवरचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक नोट जायला साधारण १ मिलिसेकंद. सीडी क्वालिटीचा स्टीरिओ आवाज पाठवायला याच्या ४५ पट डेटा लागतो. त्यामुळे 'माझ्याकडे १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, पुरेल ना?' हा प्रश्नच इथे गैरलागू, अहो डायलअपच्या मोडेमवरपण मावलं असतं हे. भानगड वेगाची नाही, भानगड हरवण्याची आणि उशिराची आहे, आणि त्यातही हरवण्याची जास्त.

का ते सांगतो. नेटवर्कवर सगळं छोट्या पुडक्यांत जातं, त्यांना पॅकेट म्हणतात. आवाजाचं एखादं पॅकेट हरवलं तर 'टक्' असं काहीतरी होतं, पुढच्या क्षणी सगळं ठीक, निम्म्या लोकांना कळतही नाही. मिडीचं पॅकेट हरवलं तर झालेली चूक जागेवरच राहते. की सोडल्याचा मेसेज हरवला तर ऑर्गनचा सूर चालूच, भोंग्यासारखा, कोणी जाऊन बंद करेपर्यंत. आणि हे तरी लगेच कळतं. याच्यापेक्षा वाईट प्रकार माझ्याबाबतीत एका कोजागिरीच्या कार्यक्रमात झाला. उघड्या लॉनवर होतो, लॅनची वायर टाकायचा कंटाळा केला आणि सगळं वायफायवर, आणि तेव्हा मी एक फुकट ॲप वापरायचो जे मिडीचे बाइट उचलून जसेच्या तसे नेटवर्कवर फेकून द्यायचं, पोचले तर पोचले. शहनाईचा पॅच, म्हणजे साउंड, लावलेला, मुखड्याच्या आधी एक छान मींड काढली, व्हील सोडलं, ते स्प्रिंगने परत मधोमध आलं, पण 'मी मधे आलोय' हे सांगणारं शेवटचं पॅकेट लॅपटॉपला मिळालंच नाही. म्हणजे माझ्या हाताखाली सगळं व्यवस्थित, आणि लॅपटॉपच्या मते व्हील अजून थोडं वर ढकललेलं. त्यापुढे मी वाजवलेला प्रत्येक सूर पाव सुराने चढा. गायिका माझ्याकडे बघतेय, मी माझ्या बोटांकडे बघतोय, बोटं तर बरोबर कीवर आहेत! तबलजी गालात हसत होता ते आजही आठवतं. पुढच्या पीसला परत व्हीलला हात लावला तेव्हा आपोआप सरळ झालं, आणि ते का सरळ झालं हे कळायला मला घरी जाऊन दोन रात्री लागल्या.

तर या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवायचं ते एवढंच की प्रत्येक मेसेज पोचवणं हे काम नाहीये, दोन्ही बाजूंची अवस्था सारखी राहणं हे काम आहे. इकडे जी की वर आहे ती तिकडेही वर, इकडे व्हील मधे तर तिकडेही मधे. मधले चार मेसेज कुठे गेले याला काही किंमत नाही.

आता कोणीतरी कॉम्प्युटरवाला मित्र सांगणार की मग टीसीपी (नेटवर्कवरून डेटा पाठवायची एक पद्धत) वापर ना, त्यात काहीच हरवत नाही. बरोबर आहे, हरवत नाही, पण थांबतं. टीसीपीमध्ये एक पॅकेट गळालं की ते परत येईपर्यंत मागची सगळी पोचलेली पॅकेटं दाराशी उभी, एसटीच्या दारात पहिला माणूस सुटे पैसे शोधत बसला की मागची रांग थांबते तसं. लिनक्सवर हा परत पाठवायचा टायमर नेहमीच्या सेटिंगला २०० मिलिसेकंदांच्या खाली जात नाही. द्रुत लयीत मिनिटाला ३०० मात्रा चालल्या असतील तर ही बरोब्बर एक मात्रा झाली! आणि मग अडकलेल्या सगळ्या नोटा एकदम बदाबदा येऊन पडतात, एक तान वाजवलेली असते ती तिकडे एकच कॉर्ड म्हणून वाजते. वेबच्या पानाला हे चालतं, तिहाईला चालत नाही. यूडीपी ही दुसरी पद्धत याच्या उलट, पाठवलं की विसरलं, पटकन जातं पण हरवलं तर हरवलं, माझ्या कोजागिरीसारखं.

यातून मार्ग काढला बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉन लाझारो आणि जॉन वॉरझिनेक या दोघांनी. त्याला म्हणतात आरटीपी मिडी, स्टँडर्ड म्हणून २००६ मध्ये आलं (आरएफसी ४६९५, आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) आणि २०११ मध्ये सुधारून परत (आरएफसी ६२९५). जातं यूडीपीवरूनच, हरवलेलं परत मागवायच्या फंदात कोणी पडत नाही, पण प्रत्येक पॅकेटमध्ये नव्या नोटांच्या मागे एक छोटी वही जोडलेली असते, तिला रिकव्हरी जर्नल म्हणतात. प्रत्येक पॅकेटला नंबर असतो. समजा लॅपटॉपला ४१ मिळालं आणि त्यानंतर एकदम ४३, तर त्याला कळतं की ४२ गेलं, मग तो ४३ च्या पाठची वही उघडतो. त्यात व्हीलच्या पानावर फक्त शेवटची जागा लिहिलेली असते, मधली घसरत आलेली पन्नास व्हॅल्यू नाहीत, कारण त्या आता कोणाला हव्यात? नोटांच्या पानावर कुठल्या कुठल्या की सोडल्या गेल्यात त्याच्या खुणा, पेडल वर का खाली, शेवटचा पॅच कुठला. तेवढं वाचून तो स्वतःची अवस्था दुरुस्त करतो, झालं काम, आणि तेही पुढचं पॅकेट येईपर्यंतच्या वेळात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नोट दाबल्याचा मेसेज हरवला असेल तर काय करायचं याचा पण विचार केलाय. अडकलेला सूर बंद करायला उशीर झाला तरी बंद करायलाच हवा, पण हरवलेला ऑक्टापॅडचा ठोका उशिरा सापडला तर तो वाजवायचा का? वेळ गेल्यावर वाजलेली सम ही न वाजलेल्या समेपेक्षा वाईट. म्हणून वहीत प्रत्येक नोटेपुढे एक बिट ठेवलाय, पाठवणारा त्यात सुचवतो की ही उशिरा का होईना वाजव किंवा सोडून दे. ज्यांनी हे लिहिलं ते नुसते नेटवर्कवाले नव्हते हे इथे कळतं.

वही फुगत कशी नाही? तर घेणारी बाजू अधूनमधून कळवते की अमुक नंबरपर्यंत मला मिळालं, की पाठवणारा त्याच्या मागची पानं फाडून टाकतो. आणि समजा शेवटचीच नोट सोडली, तोच मेसेज हरवला, आणि त्यानंतर तुम्ही हात उचलून पाणी प्यायला बसलात, तर पुढचं पॅकेटच नाही, मग वही येणार कुठून? त्याच्यासाठी चांगली सॉफ्टवेअरं थोड्या वेळाने एक रिकामं पॅकेट पाठवतात, नोट नाही, फक्त वही. पण 'चांगली' या शब्दावर जोर आहे, सगळी पाठवत नाहीत, म्हणून खाली टेस्ट दिलीय ती कराच.

आता प्रत्यक्ष जोडणी. मॅकवाल्यांना वेगळं काही टाकायचं नाही, ॲपलने हे २००५ च्या टायगरपासून सिस्टीममध्येच दिलंय. ऑडिओ मिडी सेटअप उघडा, मिडी स्टुडिओची खिडकी, त्यात नेटवर्कचं चिन्ह. तिथे माय सेशन्सखाली अधिकचं बटण दाबून एक सेशन करा, त्याला नाव द्या, नाव देताना 'सेशन १' असलं काही देऊ नका, 'स्टेज कीबोर्ड' असं द्या, कारण रात्री दहा वाजता घामाघूम असताना सेशन १ म्हणजे कुठलं हे आठवत नाही. पोर्ट ५००४ ठेवा. इथे एक लक्षात घ्या की सेशनला कायम दोन पोर्ट लागतात, ५००४ वर बोलणी होतात आणि ५००५ वर खरा मिडी जातो, त्यामुळे फायरवॉलमध्ये एकच उघडलात तर 'कनेक्ट होतंय पण वाजत नाही' किंवा नुसतंच लटकून राहिलंय असले प्रकार होतात. विंडोजवर टोबियास एरिक्सनचा आरटीपी मिडी नावाचा मोफत ड्रायव्हर घ्या, त्याची खिडकी जवळपास मॅकसारखीच दिसते, फक्त त्याला ॲपलचं बॉनजूर पण टाकावं लागतं, ते नसेल तर समोरचं मशीन यादीत दिसणारच नाही. विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' म्हणून लावा, 'पब्लिक' राहिलं तर फायरवॉल गप्प बसून सगळं अडवतो आणि तुम्ही वायर बदलत बसता. लिनक्स आणि रास्पबेरी पायवाल्यांसाठी (हा एक छोटासा कॉम्प्युटर) आरटीपीमिडीडी नावाचं आहे, मस्त चालतं, स्टेजवर लॅपटॉप न ठेवता कीबोर्डच्या खाली एक रास्पबेरी पाय चिकटवून टाकायचा.

एका बाजूने दुसरीला कनेक्ट करायचं, दोन्ही बाजूंनी नाही. स्टेजवरच्या मशीनला डिरेक्टरीत, म्हणजे सापडलेल्या मशीनच्या यादीत, मागचा लॅपटॉप दिसेल, तो निवडून कनेक्ट. नाही दिसला तर अधिकचं बटण दाबून आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि ५००४ हाताने टाका, मी तर दिसला तरी हातानेच टाकतो. मग खाली लाइव्ह राउटिंग्ज म्हणून दोन ड्रॉपडाउन असतात, स्टेजच्या बाजूला 'माझा कीबोर्ड सेशनमध्ये पाठव' एवढंच लावायचं, दुसरं मोकळं सोडायचं. दोन्ही लावलीत आणि मागच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने आलेली नोट परत बाहेर सोडली तर ती नोट गोल गोल फिरत बसते, दहीहंडीच्या थरांसारखी चढत जाते आणि मग सगळं कोसळतं. एकदा ऐकलंत की विसरणार नाही.

आयपी हाताने द्या. मी कायम स्टेजला १०.०.०.११ आणि मागच्याला १०.०.०.१२ देतो, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. मधे एक साधा ५ पोर्टचा गिगाबिट स्विच, त्याला फक्त आपली दोन-तीन मशीनं, हॉलचं इंटरनेट नाही, साउंडवाल्याचं मिक्सर कंट्रोलचं नेटवर्क नाही, कोणाचा मोबाइल नाही. 'जरा त्यात माझा लॅपटॉप लावू का, मेल चेक करायचाय' असं विचारणारा एक तरी भेटतोच, त्याला गोड बोलून नाही म्हणायचं. आणि दोन्ही लॅपटॉपचं वायफाय बंद, नुसतं डिसकनेक्ट नाही, बंद, कारण दोन्ही रस्ते उघडे असले की नावाने शोधताना मशीन कधी कधी वायफायचाच रस्ता धरतं आणि तुम्ही समजत बसता की आपण वायरवर आहोत. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली पॉवर वाचवण्यासाठी बंद करायची टिक काढून टाका. वायर नेताना लाइटच्या डिमरच्या आणि जनरेटरच्या मोठ्या केबलला चिकटून समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांडा.

वायफाय. मनापासून सांगतो, नको. घरी रियाझाला ठीक आहे. हॉलमध्ये दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर ट्रायल घेता तेव्हा झकास चालतं, आणि संध्याकाळी ५०० माणसं ५०० मोबाइल घेऊन येऊन बसली की २.४ गिगाहर्ट्झचा बाजार होतो. त्यात वायफायची खोड अशी की ते स्वतःच हरवलेली पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, त्यामुळे बरीचशी पॅकेटं हरवत नाहीत तर उशिरा येतात, आणि उशिराला जर्नल काही करू शकत नाही. शिवाय बॉनजूरचे 'मी इथे आहे' असे पुकारे सगळ्यांना उद्देशून जातात, त्यांना पोच नसते, म्हणून गर्दीत पहिलं डिरेक्टरीतलं नाव गायब होतं. बऱ्याच हॉटेलांच्या आणि कार्यालयांच्या वायफायमध्ये एका मशीनने दुसऱ्याशी बोलायलाच बंदी घातलेली असते, तिथे तर डोकं आपटूनही काही होत नाही. अगदी नाइलाज असेल, म्हणजे कीटार (गिटारसारखा गळ्यात अडकवायचा कीबोर्ड) घालून फिरणारा कीबोर्डवाला असेल वगैरे, तर स्वतःचा राउटर न्या, ५ गिगाहर्ट्झ, स्टेजच्या अगदी जवळ, डोक्याच्या वर टांगलेला, कारण माणसांची अंगं सिग्नल खातात. आणि पाठवणारं किंवा घेणारं उपकरण फोन किंवा टॅब असेल तर लक्षात ठेवा की पॉवर वाचवायला तो मधेमधे झोपतो आणि राउटरच्या हाकेला उठतो, ती हाक साधारण दर १०० मिलिसेकंदांनी येते.

उशीर किती चालतो? आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे तुमच्यापासून ३ मीटरवर बसलेल्या तबलजीला तुमचा स्पीकर तसाही ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. एकत्र वाजवताना साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंत माणसं सांभाळून घेतात, त्यापुढे लय ओढली जायला लागते. वायरवरच्या नेटवर्कचा स्वतःचा उशीर १ मिलिसेकंदाच्याही आत असतो, त्यामुळे तुम्हाला जाणवणारा उशीर बहुतेक वेळा नेटवर्कचा नसतोच, लॅपटॉपवरच्या साउंड कार्डाच्या बफरचा (आवाज सोडण्याआधी थोडा साठवून ठेवतात ती जागा) असतो. आधी तो बघा, मग वायरला शिव्या घाला.

आता टेस्ट. पहिली, पिंग, म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड. विंडोजवर नुसतं पिंग चार वेळाच जातं, त्याने काही कळत नाही, मायनस एन ५०० लावून सोडा (मॅकवर मायनस सी ५००), आठ-साडेआठ मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो. आल्यावर ॲव्हरेज बघू नका, मॅक्झिमम बघा. ॲव्हरेज २ आणि मॅक्झिमम १८० मिलिसेकंद असेल तर ते नेटवर्क तुम्हाला अंतऱ्यात दगा देणार. वायरवर मॅक्झिमम २-३ च्या वर गेला तर केबल किंवा क्लिप बदला.

दुसरी टेस्ट मी सगळ्यांना करायला लावतो. ऑर्गनचा पॅच लावा, ज्याचा सूर विरत नाही. चार सुरांची कॉर्ड दाबून धरा, दुसऱ्या माणसाला मधली वायर काढायला सांगा, मग हात उचला, दोन सेकंदांनी वायर परत लावू द्या, आणि कुठलीही एक की हलकेच दाबा. सेशन टिकलेलं असेल आणि जर्नल खरंच काम करत असेल तर त्या एका कीबरोबर अडकलेले चारही सूर बंद होतात. काही न दाबता आपोआप बंद झाले तर उत्तम, तुमचं सॉफ्टवेअर ते रिकामं पॅकेट पाठवतंय. काहीच बंद झालं नाही तर तुमच्याकडे नावापुरतंच आरटीपी मिडी आहे, बदला. हीच टेस्ट पेडल दाबून आणि व्हील वर ढकलून पण करा, माझी पाव सुराची गोष्ट आठवून.

पण वायर गेली ती गेलीच, परत लागलीच नाही, तर कुठलंही जर्नल येणार नाही, तिथे पॅनिक बटण, म्हणजे अडकलेले सगळे सूर एकदम बंद करणारं बटण, पाहिजे. आणि हे मागच्या, म्हणजे घेणाऱ्या लॅपटॉपवर पाहिजे! निम्मे लोक ते स्टेजवरच्या कीबोर्डवर ठेवतात, अरे रस्ताच तुटलाय तर तुमचं पॅनिक कुठून जाणार? मागे साउंडवाल्याला ते बटण दाखवून ठेवा. त्या बटणावर नुसता कंट्रोल १२३, म्हणजे ऑल नोट्स ऑफ, ठेवू नका, कारण पेडल दाबलेलं राहिलं असेल तर १२३ ने सूर सुटत नाहीत, पेडल उचलेपर्यंत वाजतच राहतात. क्रम असा: आधी कंट्रोल ६४ (पेडल) शून्य, मग १२३, मग १२१ ने सगळे कंट्रोलर जागेवर, आणि व्हील मधोमध म्हणजे ८१९२. तरीही काही वाजत असेल तर १२०, तो सगळ्याचा गळाच आवळतो. चारी पाची मेसेज सोळाही चॅनलवर. जुन्या केबलच्या जमान्यात यासाठी ॲक्टिव्ह सेन्सिंग म्हणून एक सोय होती, कीबोर्ड दर ३०० मिलिसेकंदांच्या आत 'आहे, आहे' म्हणत राहायचा आणि ते थांबलं की समोरचा सगळे सूर बंद करायचा. कल्पना भारी आहे, पण बरेच ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर ते मधेच गाळून टाकतात, आणि वायफायवर ते उशिरा पोचलं तर धडधाकट सूर पण कापले जातात, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रत्येक गाण्याच्या आधी पॅच, व्हॉल्यूम, पॅन, पेडल सगळं एकदा नव्याने पाठवायची सवय लावा, बहुतेक कीबोर्डवर एका रजिस्ट्रेशन बटणात होतं. मागे काही बिघडलं असलं तरी नवीन गाणं कोऱ्या पाटीवर सुरू होतं. मोठे सिसेक्स डम्प (वाद्याची सगळी सेटिंग्ज एकदम पाठवणारे लांबलचक मेसेज) कार्यक्रम चालू असताना नेटवर्कवर सोडू नका.

मिडी क्लॉकबद्दल, म्हणजे दोन मशीनची लय जुळवायला जाणाऱ्या टिकांबद्दल, एकच सांगतो. १२० च्या टेम्पोला क्लॉकचा टिक दर २०.८ मिलिसेकंदांनी येतो, नेटवर्कने त्यात ५ मिलिसेकंदांची वरखाली केली की समोरची रिदम मशीन दारू प्यायल्यासारखी चालते. क्लॉक नेटवर्कवर पाठवू नका. दोन्ही मशीनवर टेम्पो हाताने टाकून नुसता स्टार्ट पाठवा, नाहीतर दोन्हीकडे एबलटन लिंक (सॉफ्टवेअरमधली टेम्पो जुळवायची सोय) असेल तर ते वापरा, ते टिक पाठवतच नाही, टेम्पो आणि मात्रेची जागा दोघांनी मिळून ठरवून घेतात.

इंटरनेटवरून? होतं, पण भूगोल मधे येतो. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला एका बाजूने ५ मिलिसेकंद. पुणे-मुंबई, पुणे-नाशिक एकत्र वाजवणं जमू शकतं, नशीब असेल तर. मुंबई-लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर, केबल तर वळसे घेत जाते, म्हणजे ३६ मिलिसेकंद नुसत्या प्रकाशालाच, वर राउटर वेगळे. तिकडच्या भावाबरोबर एका लयीत वाजवायचा नाद सोडा. पण सवाल-जवाब करा! त्याने चार ओळी वाजवायच्या, तुम्ही उत्तर द्यायचं, पाव सेकंदाचा उशीर विचार करायला घेतलेल्या श्वासासारखा वाटतो, आम्ही दिवाळीत करतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. एकतर्फी ऐकवायचं असेल तर उशिराची फिकीरच नाही, २०१३ मध्ये एल्टन जॉन कॅलिफोर्नियात वाजवत होता आणि ठिकठिकाणच्या यामाहाच्या डिस्कलाव्हिअर पियानोंच्या पट्ट्या आपोआप खाली-वर होत होत्या. अशा वेळी मुद्दाम बफर ठेवायचा, प्रत्येक पॅकेटवर वेळेचा शिक्का असतोच, आलं की लगेच न वाजवता सगळं सारखंच १०० मिलिसेकंद उशिरा वाजवायचं. ठरलेला उशीर कान माफ करतात, मागेपुढे होणारा करत नाहीत.

इंटरनेटवर जोडायला राउटरमध्ये ५००४ आणि ५००५ दोन्ही यूडीपी उघडून देता येतात, पण मोबाइल डेटावर आणि अनेक घरगुती कनेक्शनवर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपीच नसतो, तिथे हे चालत नाही. सोपा उपाय म्हणजे टेलस्केल किंवा झिरोटियर यांपैकी एक सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाका, दोन्ही मशीनना एका घरातले असल्यासारखे पत्ते मिळतात आणि बाहेर कोणाला पोर्ट उघडं दिसत नाही. टेलस्केलवर बॉनजूर जात नाही, म्हणून डिरेक्टरीत पत्ता हाताने टाका. आणि कनेक्शन थेट आहे का मधल्या सर्व्हरवरून फिरून जातंय ते बघा, फिरून जात असेल तर पुणे-नाशिक पण सिंगापूरला जाऊन आल्यासारखं वाटेल.

२०२४ मध्ये मिडी असोसिएशनने नेटवर्क मिडी २.० आणलंय, त्यात मागचा डेटा पुढच्या पॅकेटांमध्ये पुन्हा घालून पाठवायची आणि गरज पडली तर परत मागायची सोय आहे. उपकरणं हळूहळू येतायत, सध्या हातात असलेलं वापरा.

कार्यक्रमाच्या दिवशी मी वायर दोन टाकतो, एक लावलेली आणि एक तिच्या शेजारून नुसती पडलेली, दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप. आणि कीबोर्डची स्वतःची ऑडिओ लाइन मिक्सरला लावलेलीच असते, साधा पियानोचा साउंड, फेडर खाली. मागचं काहीही झोपलं की साउंडवाला तो फेडर वर करतो आणि कार्यक्रम चालू राहतो. आजवर दोनदा वर करावा लागलाय, एकदा लॅपटॉपला अपडेट सुचला म्हणून, आणि एकदा सत्काराची खुर्ची बरोब्बर वायरवर ठेवली म्हणून.